शाळेत मारामारी झाली, पालक अंगावर आला, तर काय करायचं: सीमाभागातल्या सरकारी शाळेतल्या गुरुजी-बाईंसाठी

रात्री साडेनऊला फोन आला. आमच्या क्लस्टरला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, गेल्या जूनमध्ये जॉइन झालेल्या एक बाई, पहिलीच पोस्टिंग, खानापूरच्या पश्चिमेकडं रानातली शाळा, पहिली ते सातवी, चार शिक्षक. आवाज थरथरत होता. "सर, आज जेवणाच्या सुट्टीत सातवीच्या एका पोरानं सहावीतल्याच्या डोक्यात ताट घातलं, भुवईला तीन टाके पडले, आणि मी रागात त्या मारणाऱ्याला एक थोबाडीत दिली, आता त्याचा काका म्हणतोय उद्या सकाळी शाळेत येऊन बघतो, मी उद्या रजा टाकू काय?"

रजा टाकू नका म्हटलं, आधी एक वही घ्या आणि लिहायला बसा. मग तासभर बोललो. त्या तासात जे सांगितलं तेच इथं जरा वाढवून लिहितोय, कारण असा फोन करायला ज्यांना कुणीच नाही असे गुरुजी आणि बाई कर्नाटकातल्या मराठी भागात बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, तिकडं हल्याळ-जोयडा-कारवारपर्यंत सगळीकडं आहेत. मी वकील नाही, एकोणीस वर्षं सरकारी मराठी शाळेत शिकवतोय, आणि यातलं निम्मं मी चुका करून शिकलोय.

मारामारी चालू आहे आणि तुम्ही दारात उभे आहात

पहिल्यांदा, पळत जाऊन दोघांच्या मधे घुसू नका. आपण मधे घुसतो आणि एक फटका आपल्याला बसतो, मग ती दोन पोरांची मारामारी राहत नाही, "पोरानं शिक्षकाला मारलं" होतं आणि प्रकरण भलतीकडंच जातं. आधी आवाज. मोठा, पण शिवी नाही, आणि नुसतं "ए सोडा सोडा" पण नाही, एकाचं नाव घ्या, दोघांतला जो तुमचं ऐकतो त्याचं, आणि त्याला सांगायचं, माझ्याकडं ये. एक जण एक पाऊल मागं आला की दुसऱ्याचा जोर आपोआप कमी होतो.

दुसरं, भोवतीचं कडं मोडा. ओरडणारी पोरं हीच खरी आग लावतात. त्यांना "जावा इथनं" म्हटलं तर जात नाहीत, काम दिलं की जातात: तू हेडसरांना बोलव, तू बादलीत पाणी आण, तुम्ही चौघी लहान पोरांना वर्गात घेऊन बसा. गर्दी हटली की निम्मी मारामारी तिथंच सपते.

हातात काही असेल, कर्कटक, दगड, बॅट, ताट, तर अंगाला झोंबायचं नाही. दोन हात लांब उभं राहून एकच वाक्य हळू आवाजात परत परत म्हणायचं, ते खाली ठेव, ते खाली ठेव. मी हे एका आठवीतल्या पोराबरोबर केलंय, त्याच्या हातात फरशीचा तुकडा होता, मला वाटतं सात-आठ वेळा म्हणालो असेन, शेवटी त्यानं तो तुकडा खाली टाकला आणि जागेवर बसून रडायला लागला. त्या वेळी "टाक नाहीतर बघ" असं म्हटलं असतं तर त्यानं मारलाच असता, कारण सगळा वर्ग बघत होता आणि त्याला माघार घ्यायला जागाच ठेवली नसती.

सुटले की दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवा, समोरासमोर नको. "कुणी सुरुवात केली" हा प्रश्न सगळ्यांसमोर तर मुळीच नको. पंधरा मिनिटं पाणी पिऊन गप्प बसू दे, मग एकेकाला ऐका.

जखम असेल तर ती सगळ्याच्या आधी. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हळद, कॉफी पावडर असलं काही भरायचं नाही, डॉक्टरला ते आधी धुऊन काढावं लागतं आणि पोराला दुप्पट त्रास होतो. डोक्याला मार असेल आणि पोरगं उलटी करतंय, पेंगतंय, विचारलेलं नीट सांगत नाही, तर पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात. एकट्यानं बाइकवर बसवून नेऊ नका, बरोबर गावातलं एक मोठं माणूस घ्या, स्वयंपाकाच्या अक्का, एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या पालक-समितीचा, मेंबर, कुणीही, साक्षीला पण होतं आणि पोराला धरायला पण.

आणि दोन्ही घरी फोन. मारणाऱ्याच्या आणि मार खाल्लेल्याच्या, दोन्ही. खेड्यात बातमी तुमच्या फोनच्या आधी पोचते आणि पोचेपर्यंत तीन टाक्यांचे तेरा होतात, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत फोन करा, फोनवर दोष देऊ नका, काय झालं, कुठं लागलं, कुठं नेतोय, एवढंच.

हात उठलाच असेल तर

इथं मी गोड बोलणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मुलाला शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळ पण नाही. छडी, कान पिळणं, अंगठे धरून उभं करणं, उन्हात उभं करणं, जातीवरनं नाहीतर बापाच्या दारूवरनं टोमणे, सगळं त्यात आलं. खात्याची कारवाई होते, आणि लागलं जास्त तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७५ कलम पण लागू शकतं. "आमच्या वेळी मास्तर वेताच्या काठीनं फोडायचे, म्हणून आम्ही शिकलो" असं स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतं. मी पण तसलाच मार खाऊन शिकलोय आणि मला त्या मास्तरांचा विषय आठवत नाही, काठी आठवते.

पण माणूस आहे, चौऱ्याहत्तर पोरं, रक्त बघितलेलं, हात उठला. त्या बाईंसारखं. मग काय करायचं? लपवायचं नाही. त्याच संध्याकाळी हेडसरांना स्वतः सांगा, उद्या दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत. पोराच्या घरी स्वतः जा, कुणातरी जाणत्या माणसाला बरोबर घेऊन, आणि "मी हात उचलला, ते चुकलं" एवढं वाक्य स्पष्ट बोला. त्याला "पण" जोडू नका. "चुकलं, पण तुमचा पोरगा पण..." म्हटलं की माफी गेली. पोराचं वागणं हा वेगळा विषय, तो दुसऱ्या दिवशी शाळेत बसून. बाईंनी तसंच केलं, रात्री नाही, सकाळी साडेसातला अक्कांना घेऊन गेल्या. तो काका अंगणात म्हशीची धार काढत होता, त्यानं आधी मान वर केली नाही, मग चहा ठेवायला सांगितलं. सगळीकडं चहा मिळेल असं नाही, पण जो माणूस शाळेच्या गेटवर चार जण घेऊन ओरडणार असतो तोच स्वतःच्या अंगणात बहुतेक वेळा निम्म्या आवाजात बोलतो.

मारायचं नाही तर वचक कसा ठेवायचा, हे सगळे विचारतात. मला जे लागू पडलं ते सांगतो. नियम चारच ठेवा आणि पोरांकडनं जूनमध्येच लिहून घ्या, त्यांच्या शब्दांत. नियम मोडला की शिक्षा नाही, भरपाई: ताट फेकलं तर आठवडाभर ताटं मोजून लावायची, बाक मोडला तर घरून खिळे-हातोडी आणून आपल्यासमोर ठोकायचा, शिवी दिली तर ज्याला दिली त्याच्याशेजारी बसून त्याचं एक काम करायचं. आणि ते त्याच दिवशी झालं पाहिजे, सोमवारची भरपाई शुक्रवारी केली तर पोराला ती सूड वाटते. दुसरं म्हणजे दंगा करणाऱ्याला रोज एकदा दंग्याशिवाय हाक मारा, काय गा, म्हस व्याली काय, एवढंच. वर्षभर त्याचं नाव फक्त ओरडताना घेतलं असेल तर तो त्या नावासाठीच ओरडायला लावतो.

आणि पालक, एसडीएमसी म्हणतात "काढून टाका त्याला शाळेतनं". आठवीपर्यंत नाव काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या १६ कलमात आहे, दाखला हातात देऊन "दुसरीकडं बघा" म्हणणं पण त्यातच येतं. हे शांतपणे सांगा.

ती वही

आता मुख्य. एक शंभर पानी वही घ्या, दुरेघी चालेल, पानांना नंबर घाला, पहिल्या पानावर शाळेचं नाव, "घटना नोंद वही", हेडसरांची सही आणि शिक्का. कुठल्या सर्क्युलरमध्ये असो नसो, तुमच्या कपाटात असली पाहिजे.

काय लिहायचं? बाईंकडनं मी फोनवर लिहून घेतलं ते असं:

"दि. ८ जुलै, दुपारी १.४०, ताटं धुवायच्या नळाजवळ. इ. ७ वीतल्या एका विद्यार्थ्यानं इ. ६ वीतल्या विद्यार्थ्याच्या डोक्यात स्टीलचं ताट मारलं. उजव्या भुवईवर जखम, रक्त. बघणारे: स्वयंपाकाच्या अक्का, सहावीच्या दोन मुली. मी १.४२ ला पोचले. मी मारणाऱ्या विद्यार्थ्याच्या गालावर एक चापट मारली. १.५० ला दोन्ही घरी फोन. २.२० ला पीएचसीत नेलं, तीन टाके. ३.३० ला हेडसरांना तोंडी सांगितलं."

बघा, यात "उद्धट", "गुंड", "नेहमीचाच" असा एकही शब्द नाही. जे डोळ्यांनी दिसलं, कानांनी ऐकलं, घड्याळात किती वाजले, बस. स्वतःची चापट पण लिहिली, बाई आधी ते लिहायला तयार नव्हत्या, मी म्हटलं तेच एक वाक्य बाकीच्या सगळ्या वाक्यांना खरं करतं. पोरांचं म्हणणं लिहायचं तर त्यांच्याच शब्दांत, "त्येनं माझ्या आयशीवरनं बोललं" म्हणाला असेल तर तसंच. खाली हेडसरांची सही त्याच दिवशी. आणि वहीत पोरांची नावं असतील तर वही कपाटात कुलपात, टेबलावर नको.

ही वही पटायला मला काय घडावं लागलं ते सांगतो. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका गावात, एका पोराचा बाप तिघांना घेऊन वर्गात शिरला, पाचवीच्या वर्गासमोर माझी कॉलर धरली, बटण तुटलं. मी त्याच्या पोराला हात पण लावला नव्हता, दोन पोरांच्या भांडणात मधे पडलो होतो एवढंच. त्यानं दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसला अर्ज दिला की मीच पोराला मारलं. आणि कारणे दाखवा नोटीस मला आली, कन्नडमधून, सात दिवसांत खुलासा द्या म्हणून. त्याच्या बाजूनं कागद होता, माझ्या बाजूनं माझी तोंडची गोष्ट. कुठल्या दिवशी, किती वाजता, कोण होतं, मलाच धड आठवेना, पाचवीच्या पोरांना विचारावं तर ती घाबरलेली. चार महिने चाललं ते. मला ते तुटलेलं बटण आठवत नाही इतकं ते चार महिने आठवतात, रात्री दोनला उठून खुलाशाचं वाक्य बदलत बसायचो. म्हणून सांगतो, मित्रांनो, वही आजच करा.

वरच्या ऑफिसला काही कळवायचं असेल तर कन्नडमध्ये लिहा, निदान वरचा सांगाडा तरी: इवरिंद (कुणाकडून), इवरिगे (कुणाला), विषय, उल्लेख (संदर्भ). मजकूर जमत नसेल तर कन्नड विषयाच्या शिक्षकाकडनं लिहून घ्या पण एक एक ओळ समजून घेऊन मगच सही. आपला अर्ज मराठीत असला की बाजूला पडतो ही तक्रार खरी आहे, तो भाषेचा हक्काचा प्रश्न पण खरा आहे, पण ज्या दिवशी तुमची कॉलर धरली त्या दिवशी अर्ज वाचला जाणं जास्त महत्त्वाचं. दोन प्रती काढा, एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

पालक गेटवर येतात तेव्हा

उभ्यानं बोलू नका. खुर्ची द्या, पाणी द्या. वर्गात नाही, पोरांसमोर नाही, ऑफिसात, दार उघडं ठेवून, आणि तुमच्याबरोबर एक दुसरा शिक्षक नाहीतर एसडीएमसीचा एक माणूस. बाई एकट्या असतील तर अक्कांना बोलवा, कुणीतरी पाहिजेच. पहिली पाच मिनिटं त्यांनाच बोलू द्या आणि वहीत लिहा, लिहिताना दिसू द्या. माणूस आपण बोललेलं लिहिलं जातंय बघितलं की शब्द जपून वापरतो.

एसडीएमसी फक्त पंधरा ऑगस्टला चिक्की वाटायला नाही. कायद्यानं त्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. त्या बायका मीटिंगला येत नाहीत, सही घरी पाठवून घेतली जाते, हे आपल्याकडं सर्रास चालतं आणि यात आपली शिक्षकांचीच चूक आहे. दोन आया जरी खरोखर येऊन बसायला लागल्या तरी गेटवरची भांडणं किती कमी होतात ते मी दोन शाळांत बघितलंय. कारण "गुरुजी मारतोय" ही बातमी नळावर पसरते आणि नळावर त्याच असतात. ठराव घ्या: बाहेरच्या माणसानं वर्गात थेट शिरायचं नाही, आधी ऑफिस. मीटिंगच्या प्रोसिडिंग वहीत लिहा, गेटवर मराठी-कन्नड दोन्हीत लावा.

गल्लीचं, गणपती मंडळाचं, कबड्डीच्या टीमचं भांडण शाळेत येतं हे बेळगाव भागात सगळ्यांना माहीत आहे. पोरं मंडळाचे टी-शर्ट घालून येतात. युनिफॉर्मचा नियम इथं उपयोगी पडतो, कडक ठेवा. आणि भाषेवरनं एकमेकांना बोलणं, मराठी पोरानं कन्नड पोराला नाहीतर उलट, हे हसण्यावारी नेऊ नका. एक नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सव, जवळ आला की मोठ्या माणसांचा ताण पोरांच्या तोंडात येतो. त्या आठवड्यात मी गट करताना मुद्दाम मिसळून बसवतो आणि सुट्टीत स्वतः मैदानात उभा राहतो.

पोलीस कधी

पोरापोरांच्या नेहमीच्या मारामारीत नाही. मोठ्या माणसानं तुमच्यावर हात टाकला तर होय, आणि लगेच, ११२. सरकारी शिक्षक हा लोकसेवक आहे. ड्यूटीवर असताना काम अडवायला म्हणून हल्ला केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२, दुखापत केली तर १२१ (जुने ३५३ आणि ३३२, ठाण्यात अजून हेच नंबर तोंडात असतात). लागलं असेल तर आधी सरकारी दवाखाना, डॉक्टरला एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय) नोंद करा म्हणून सांगा, मुका मार असला तरी. तक्रार तोंडी दिली आणि ती कन्नडमध्ये लिहून घेतली तर वाचून दाखवल्याशिवाय सही नाही, वाचून दाखवणं हे त्यांचं कामच आहे, मेहेरबानी नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतच नसतील तर एसपींना पोस्टानं लेखी पाठवता येतं.

विद्यार्थ्यानंच मारलं असेल तर वेगळं. अठराच्या आतलं पोरगं, त्याच्यावर बाल न्याय कायदा. सात वर्षं किंवा त्याच्यावर किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा नाहीतर मोठ्यांबरोबर मिळून केलेल्या गुन्ह्याचा विषय सोडला तर एफआयआर सहसा होत नाही, डायरीत नोंद आणि बाल न्याय मंडळाकडं अहवाल जातो. लॉकअप नाही, बेडी नाही. त्याचा फोटो, व्हिडिओ, नाव स्टाफच्या ग्रुपवर सुद्धा टाकू नका, ओळख उघड करायला ७४ कलमाची मनाई आहे. पोरांनीच तुमचा व्हिडिओ काढून रील केला असेल तर स्क्रीनशॉट, लिंक आणि तारीख वहीत, मग आधी पालक, थांबत नसेल तर सीईएन (सायबर गुन्ह्यांचं) पोलीस ठाणं.

एक गोष्ट मात्र तुमच्या मर्जीवर नाही. मारामारीची चौकशी करताना पोरानं नाहीतर पोरीनं लैंगिक त्रासाचं काही सांगितलं, कुणीही केलेला असो, घरातला, शाळेतला, तर पोक्सो कायद्याच्या १९ कलमाप्रमाणं पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा. "गावात मिटवू" म्हणणारे येतील, हेडसर पण म्हणतील. ऐकायचं नाही. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, पण फोन करा.

पोरगं असं का करतंय

ते ताट घालणारं पोरगं. बाई नंतर त्याच्या घरी तीनदा गेल्या. बाप गोव्याला कामाला, आई पण तिकडंच, हा आज्जीकडं. पहाटे पाचला उठून शेण काढायचं, डेअरीला दूध घालायचं, मग दोन किलोमीटर चालत शाळा, उपाशी. जेवणाच्या रांगेत तो रोज पुढं घुसायचा आणि त्या दिवशी सहावीतल्यानं ढकलून मागं पाठवला, वर म्हणाला, "तुला आय नाय जेवाय घालाय." बाकी सगळं दोन सेकंदांत झालं. सकाळच्या दुधाबरोबर त्याच्यासाठी काहीतरी खायला ठेवायची सोय अक्कांनी स्वतःहून केली. त्याची मारामारी पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही, दिवाळीनंतर परत एकदा झाली, पण ताट नव्हतं हातात.

म्हणून वहीत प्रत्येक घटनेखाली एक ओळ जास्त लिहा: त्या दिवशी पोरानं सकाळी काय खाल्लं होतं, रात्री कुठं झोपलं होतं. दहा घटना झाल्या की ती ओळच तुम्हाला सांगेल. रायबाग-अथणीकडं ऊसतोडीच्या दिवसात पोरं आठवडेच्या आठवडे गायब, परत आली की मागं पडलेली, मागं पडलेलं पोरगं चिडतं. सातवी-आठवीतली पोरं पुडी खाऊन येतात, वर्गात डोळे जड, बोललं की उसळतात. शाळेपासून शंभर मीटरांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे आणि मुलाला तंबाखू देणं हा बाल न्याय कायद्यात मोठा गुन्हा आहे. टपरीवाल्याशी एकट्यानं भांडायला जाऊ नका, एसडीएमसीचा ठराव, पंचायतीला आणि ठाण्याला प्रत, पोच घेऊन.

आणि आपली स्वतःची अवस्था

हे पण लिहिलंच पाहिजे, कारण पोरांच्या दंग्याचं एक मोठं कारण म्हणजे वर्गात शिक्षक नसणं. पहिली ते पाचवी, साठ पोरांपर्यंत कायद्यातच दोन शिक्षक. एक मीटिंगला, ट्रेनिंगला नाहीतर बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेला की दुसऱ्याकडं पाच वर्ग, वर साट्सची (पोरांच्या माहितीची ऑनलाइन) एन्ट्री, अंडी-केळ्यांचा हिशोब, दूध, डाळ-तांदळाचा स्टॉक. २०२५ ला सप्टेंबरच्या २२ तारखेपासून सामाजिक-शैक्षणिक सर्वेला दारोदार आपणच फिरलो, दसऱ्याची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढली, आणि शाळा भरल्यावर पोरांची बसायची सवयच मोडलेली होती, पंधरा दिवस नुसता गोंगाट. जनगणना, निवडणूक, आपत्ती निवारण, एवढंच शिक्षण हक्क कायद्याच्या २७ कलमात आहे, बाकी कामाला लावलं तर निदान लेखी ऑर्डर मागा आणि त्या दिवशी वर्ग कुणी बघायचा तेही ऑर्डरमध्ये मागा. नाही म्हणायची ताकद प्रत्येकात नसते, अतिथी शिक्षकात तर नाहीच, त्याचं मानधन आधीच कमी आणि पुढच्या जूनला बोलावतील की नाही ठाऊक नाही. पण "वर्ग कोण बघणार" हा प्रश्न कागदावर विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. एकटे असाल त्या दिवशी अपघात झाला तर तोच कागद तुम्हाला वाचवतो.

जेवणाची रांग, नळ आणि संडासामागची जागा, मारामाऱ्या बहुतेक इथंच होतात. शिक्षक कमी असतील तरी या तीन जागांची पाळी लावा. लहान पोरांना दहा मिनिटं आधी जेवायला सोडा, रांग निम्मी होते.

पाण्याच्या टाकीला कुलूप लावा, रोज सकाळी प्यायच्या आधी एका मोठ्या माणसानं बघायचं, वास घ्यायचा. २०२५ च्या जुलैमध्ये आपल्याच जिल्ह्यात, सौंदत्ती तालुक्यातल्या हुलीकट्टीत सरकारी शाळेच्या टाकीत विष घातलं गेलं, पोरं आजारी पडली, आणि पोलिसांनी सांगितलं ते असं की तिथल्या मुस्लीम मुख्याध्यापकांची बदली व्हावी म्हणून बाहेरच्यांनी एका शाळकरी मुलाच्या हातनंच ते करवून घेतलं. एका मास्तराचा द्वेष म्हणून लहान पोरांच्या पोटात विष. मी ते वाचल्यावर दोन दिवस वर्गात नीट बोलू शकलो नाही. आमच्या टाकीला त्याच आठवड्यात कुलूप आलं, किल्ल्या दोन, एक अक्कांकडं, एक माझ्याकडं.

झोप लागत नसेल, शाळेच्या वाटेवर छातीत धडधडत असेल, पोरांचा आवाज नुसता ऐकला तरी हात थरथरत असेल, तर १४४१६, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे. मी त्या चार महिन्यांत कुणाशी बोललो नाही, बायकोशी पण नाही, आणि ते चुकलं.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला हे लिहून ठेवा: ११२, १०९८, १४४१६, पीएचसीचा नंबर, तुमच्या ठाण्याचा नंबर, सीआरपी (क्लस्टरचे), बीईओ (तालुका शिक्षणाधिकारी) ऑफिस, एसडीएमसी अध्यक्ष, गावात ज्याच्याकडं चारचाकी आहे अशा दोन माणसांचे नंबर. आणि शाळेत रेंज नसेल तर रेंज कुठं उभं राहिलं की येते तेही लिहा, नवीन आलेल्या बाईंना ते माहीत नसतं. त्या शाळेत ती झेंड्याच्या कट्ट्यावर येते, उत्तरेकडच्या कोपऱ्याला.